वाचनालयाकडे जाणारा बाण रस्त्यावर उभारण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत सुमारे दोन किलोमीटरवर आपले गाव आहे. तेथे आपल्या मंडळाने वाचनालय आणि अभ्यासिका सुरू केली आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आसपासच्या गावांतील मुले तेथे येऊ इच्छितात, पण त्यांना जागा सापडत नाही. म्हणून महामार्गावरच्या फाट्याजवळ, गावाच्या वेशीत आणि बेळगाव शहरातील एका चौकात अशा तीन ठिकाणी दिशादर्शक पाट्या लावायच्या आहेत. ग्रामपंचायतीने त्यासाठी ठराव करून दिला आहे. तो ठराव तिन्ही पाट्यांना पुरेल का, आणि पाटीवर मराठी लिहिता येईल का, असे आपण विचारले आहे. ठराव फक्त वेशीतल्या पाटीला पुरेल, आणि तोही वेशीतला रस्ता पंचायतीचा असेल तरच. मराठी लिहिता येईल, मात्र त्याची एक ठरलेली मांडणी आहे, ती पुढे सविस्तर सांगतो.

या जिल्ह्यात रस्त्यांची आखणी, चौकांची सुधारणा आणि फलक उभारणी या कामांत माझी सव्वीस वर्षे गेली आहेत. एवढ्या काळात जी खासगी पाटी काढून टाकली गेली, तिच्याबाबत बहुतेक वेळा चूक एकच होती. पाटीवर काय लिहायचे याचा विचार महिनाभर झालेला असतो, पण खांब ज्या जमिनीत रोवायचा ती जमीन कोणाची, हे कोणीच विचारलेले नसते. आपल्या समजुतीत रस्ता म्हणजे डांबराचा पट्टा असतो. कागदोपत्री रस्त्याची हद्द डांबराच्या दोन्ही बाजूंना बरीच आत जाते. साइडपट्टी, गटार आणि कित्येकदा गटारापलीकडची चिंचेची झाडेसुद्धा त्या हद्दीत येतात. त्या हद्दीचा मालक जो, परवानगी त्याचीच घ्यावी लागते.

मी स्वतः यात एकदा चुकलो आहे. एका धर्मादाय दवाखान्यासाठी आम्ही फाट्यावर लोखंडी खांबावर चांगली पाटी उभारली. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेतली होती, फी भरली होती, पावती जपून ठेवली होती. चार महिन्यांनी रुंदीकरणाच्या कामात पाटी खांबासकट उपटून बाजूला टाकलेली आढळली. चौकशी केल्यावर कळले की तो रस्ता काही वर्षांपूर्वीच पंचायतीकडून वरच्या वर्गात गेला होता. ज्या कार्यालयाने आम्हाला परवानगी दिली, त्या कार्यालयाला ती देण्याचा अधिकारच उरला नव्हता. नोटीस कोणाला द्यायची याची नोंद कोठेही नसल्यामुळे आम्हाला नोटीसही मिळाली नाही. त्या चार महिन्यांत पाटी पाहून दवाखान्यात येणारे वृद्ध रुग्ण पुन्हा फाट्यावर विचारपूस करत उभे राहू लागले, ते पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी रस्त्याचा वर्ग लेखी मिळाल्याशिवाय खड्डा खणू देत नाही.

रस्त्याचा वर्ग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. त्याचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग असतो आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यावर केशरी माथा दिसतो. ही खूण केवळ अंदाजासाठी आहे, कारण वर्ग बदलला तरी जुने दगड तसेच उभे राहतात. पक्की माहिती हवी असेल तर माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा. त्यात रस्त्याचा क्रमांक, त्याची मालकी आणि मध्यापासून हद्द किती मीटरपर्यंत आहे, एवढेच विचारावे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्या कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी सांगितली आहे, त्यामुळे अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहावा. मराठीत लिहून तीस दिवस वाट पाहणे आणि मग भाषेच्या कारणावरून अर्ज परत येणे हा वेळेचा अपव्यय मी अनेकांच्या वाट्याला आलेला पाहिला आहे.

आता फाट्यावरच्या पाटीकडे येतो, कारण तिन्हींत तीच सर्वांत अवघड आहे. बेळगाव, खानापूर, अनमोड आणि पुढे गोवा असा जाणारा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७४८ आहे. पूर्वी त्याला ४ अ म्हणत आणि जुनी माणसे अजूनही तसेच म्हणतात. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर २००२ चा महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा लागू होतो. महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय त्या जमिनीवर काहीही उभारले तर ते अनधिकृत ताबा ठरते आणि हटवले जाते, मग पाटी कितीही चांगल्या हेतूने लावलेली असो. त्याच्या जोडीला मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११६ आहे. वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार त्या कलमाने शासनाला आणि शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाला दिला आहे. एखादी पाटी अधिकृत चिन्हाला झाकत असेल, किंवा त्याच्याशी इतकी मिळतीजुळती असेल की चालकाची दिशाभूल व्हावी, किंवा तिच्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होत असेल, तर ती हटवण्याचा अधिकारही त्याच कलमात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला दिलेला आहे. म्हणून हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आणि पांढरा बाण अशी 'सरकारी बोर्डासारखी' पाटी करण्याचा आपल्या सदस्यांचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. ती रंगसंगती राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या अधिकृत दिशादर्शक फलकांची आहे. ती वापरल्याने पाटीचे वजन वाढत नाही, उलट ती काढण्याचे कारण आपण स्वतःच पुरवतो.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या दोन संहिता या कामात रोज हाताशी लागतात. आयआरसी ६७ ही रस्त्यावरील चिन्हांची संहिता आहे आणि आयआरसी ४६ हे रस्त्याकडेच्या जाहिरातींविषयीचे १९७२ चे धोरण आहे. दुसऱ्या धोरणाप्रमाणे चौक, पूल किंवा क्रॉसिंग यांच्या १०० मीटरच्या आत जाहिरातफलक नसावा. शहरी भागात दृष्टीला अडथळा होत नसेल तर हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करता येते. दवाखाना, बसस्थानक किंवा यात्रा यांसारख्या लोकोपयोगी माहितीकडे हे धोरण व्यापारी जाहिरातीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहते. वाचनालयाला याचा आधार घेता येतो, पण तो विनंतीचा आधार आहे, हक्काचा नव्हे. अर्जात ही बाब जरूर मांडावी.

तरीही माझा स्पष्ट सल्ला असा आहे की फाट्यावर आपला खांब रोवण्याच्या मागे लागू नये. त्याऐवजी आपल्या गावाचे नाव आणि अंतर महामार्गाच्या अधिकृत दिशादर्शक फलकावर यावे, यासाठी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर महामार्ग प्राधिकरणाकडे मागणी करावी. गावाचे नाव बाणासह अधिकृत फलकावर आले की त्याची देखभाल, रात्री चमकणारा परावर्तक पत्रा, खांबाचा पाया हे सर्व रस्त्याच्या मालकाकडे जाते आणि ती पाटी कोणी एका रात्रीत काढत नाही. आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावाचा खरा उपयोग येथे आहे. वाचनालयाच्या नावाची पाटी मग महामार्गाच्या हद्दीबाहेर, फाट्यावरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या खासगी जागेत, त्याचे लेखी संमतिपत्र घेऊन लावावी. या क्रमाने गेलेल्या मंडळांना मी आजवर फारसा त्रास झालेला पाहिला नाही.

वेशीतल्या पाटीविषयी फार सांगण्यासारखे नाही. रस्ता पंचायतीचा असल्याची खात्री करून घ्यावी आणि ठरावात जागा, मापे व मुदत नमूद करून घ्यावी. शहराभोवतालच्या काही मोठ्या गावांचा दर्जा अलीकडे बदलला आहे, त्यामुळे आपले गाव अजून १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली आहे की नगरपंचायत होऊन १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली गेले आहे, हेही एकदा पाहून घ्यावे. वेशीच्या कमानीवर किंवा मंदिराच्या ओट्यावर पाटी टांगू नये. तेथे परवानगीचा प्रश्न उद्भवला नाही तरी गावातल्या गावात वाद उभा राहतो.

बेळगाव शहरात मात्र एकाच रस्त्यावर पाचशे पावलांत मालक बदलतो. बहुतांश रस्ते महानगरपालिकेचे आहेत आणि तेथे कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावता येत नाही, आणि हे बंधन रस्त्यावरच्या जागेपुरते नसून खासगी इमारतीवर किंवा भिंतीवर लावलेल्या पाटीलाही आहे. आपल्याच इमारतीवरची नामपाटी आणि दोन चौक आधी लावलेला बाण या दोन गोष्टींकडे पालिका एकाच नजरेने पाहत नाही, हे ध्यानात ठेवावे. कॅम्प भागात गेलात की अधिकार कँटोन्मेंट बोर्डाचा असतो. तेथे २००६ चा कँटोन्मेंट कायदा चालतो आणि जमीन संरक्षण खात्याची असू शकते, त्यामुळे पालिकेचा कागद तेथे चालत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटसारख्या ठिकाणी लगतची पट्टी नैऋत्य रेल्वेची असते. बसस्थानकाच्या आवारात वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाला विचारावे लागते. आपण ज्या चौकाचा उल्लेख केला आहे तेथे खांब कोणत्या बाजूच्या फुटपाथवर येणार, हे आधी ठरवल्याशिवाय अर्ज लिहूच नये.

विजेच्या खांबाला पाटी बांधणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. ते खांब हेस्कॉमचे, म्हणजे या भागातील वीज वितरण कंपनीचे असतात. लाइनमनला वर चढताना पाटीचा पत्रा आणि तारेची गाठ जीवघेणी ठरू शकते. झाडाला खिळा ठोकून पाटी लावणाऱ्या वाचनालयाने मुलांना पुस्तकातले काय शिकवायचे, हा प्रश्न मी मंडळाच्या सदस्यांपुढे कळकळीने ठेवू इच्छितो. शिवाय १९८१ चा कर्नाटक सार्वजनिक जागा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा बेळगाव शहरास लागू आहे. त्यातील जाहिरातीची व्याख्या इतकी व्यापक आहे की अक्षर, शब्द, चित्र किंवा खूण असलेली कोणतीही वस्तू तिच्यात बसते, म्हणजे नुसता बाणसुद्धा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे.

भाषेचा प्रश्न आपण शेवटी विचारलात, पण आपल्या मनात तोच पहिला असणार, हे या भागात राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. २०१४ च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेला फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला, तेव्हा गावाने जे सोसले ते घराघरात आठवते. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की आपल्या भागात पाटीवरची भाषा आणि पाटीची परवानगी या दोन गोष्टी लोक एकत्र करून पाहतात, म्हणून परवानगीच्या बाजूने एकही कागद कमी असता कामा नये.

अधिकृत वाहतूक चिन्हांवर कोणत्या लिपीत मजकूर द्यायचा, हे कलम ११६ ने राज्य शासनाकडे सोपवले आहे. लिप्यंतर दिले तर त्याचा आकार आणि रंग मूळ मजकुराशी मिळताजुळता असावा, एवढी अट घातली आहे. महामार्गावर कन्नड आणि इंग्रजीच्या सोबतीला देवनागरी ओळ दिसते ती हिंदीची असते. आपल्याला ती वाचता येते, पण गावाच्या नावातला 'ळ' तिच्यात पुष्कळदा हरवतो. त्यात बदल हवा असेल तर मागणी राज्य शासनाकडेच करावी लागेल, पंचायतीच्या ठरावाने तो होणार नाही. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे १९५६ च्या केंद्र शासनाच्या निवेदनात म्हटले आहे. मागणीपत्रात त्याचा उल्लेख करणे योग्यच आहे. मात्र ते निवेदन सूचना आणि नियमांविषयी बोलते, खासगी संस्थेच्या पाटीविषयी नाही, आणि ते पुढे करून खालील नियम टाळता येत नाही.

तो नियम असा. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा, २०२२ यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. व्यापारी आस्थापना, रुग्णालये, हॉटेले, तसेच ट्रस्ट यांच्या नामफलकांवर ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही फलकाच्या वरच्या बाजूस असावा, असे ही दुरुस्ती सांगते. आपले मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर हा नियम आपल्याला लागू आहे असे धरूनच चालावे, आणि नसेल तरी पाटी त्याच मापाने करावी, म्हणजे प्रश्न उद्भवत नाही. उरलेल्या ४० टक्क्यांत दुसरी भाषा लिहिण्यास या तरतुदीने मनाई केलेली नाही. मराठीची जागा तेथे आहे आणि ती नीट वापरली तर अक्षरे छोटी वाटत नाहीत.

१२० सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच पाटी धरा. वरचे ५४ सेंटीमीटर कन्नडला जातात, खाली ३६ उरतात. मराठीची एक ओळ मात्रा-उकारांसह १८ सेंटीमीटरमध्ये बसते, इंग्रजीच्या एका ओळीला १० पुरतात आणि राहिलेले ८ मोकळ्या जागेत जातात. बाण मजकुराच्या मध्ये घुसवू नये. पाटीच्या कडेला वेगळी उभी पट्टी काढून त्यात ठेवावा, म्हणजे टक्केवारी मोजणाऱ्याला शंका येत नाही आणि चालकाची नजरही थेट बाणावर जाते. कन्नड मजकूर कन्नड उत्तम जाणणाऱ्या माणसाकडून लिहून आणि तपासून घ्यावा. चुकीचे कन्नड लिहिलेली पाटी आपल्या शेजाऱ्याचा अवमान करते, आणि आपल्याला चुकीचे मराठी पाहून जसे वाटते तसेच त्यालाही वाटते.

अक्षराच्या उंचीबाबत पेंटर आणि मंडळ दोघेही फसतात. इंग्रजी अक्षर एक सेंटीमीटर उंच असेल तर ते साधारण पाच मीटरवरून वाचता येते, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. देवनागरीत आणि कन्नडमध्ये ही उंची मात्रा, उकार किंवा खालचे जोडाक्षर धरून मोजली तर हिशेब चुकतो. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग तेवढाच मोजावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. तीन ओळी वाचायला चार सेकंद लागले तर ६५ ते ७० मीटर अंतर संपलेले असते, म्हणून मोठ्या रस्त्यालगतच्या पाटीवर मुख्य ओळीचे अक्षर १२ ते १४ सेंटीमीटरपेक्षा लहान असू नये. गावात वेग तीसच्या आसपास असतो, तेथे याच्या निम्मे अक्षर चालते. यासाठीच मजकूर कमीत कमी ठेवावा. वाचनालयाचे लहान नाव, बाण आणि अंतर एवढेच पुरे. देणगीदारांची नावे, मंडळाचे बोधवाक्य आणि मान्यवरांची छायाचित्रे वाचनालयाच्या दारात लावावीत. तेथे माणूस थांबून वाचतो.

उभारणीत तीन गोष्टी पाहाव्यात. फुटपाथला कड असेल तर पाटीची रस्त्याकडची बाजू कडेपासून किमान ६० सेंटीमीटर आत असावी, आणि कड नसेल तर डांबराच्या कडेपासून दोन ते तीन मीटर. ज्या फुटपाथवरून माणसे चालतात तेथे पाटीची खालची कड दोन मीटरपेक्षा खाली नसावी. पाटी अगदी कोपऱ्यावर लावू नये, कारण गल्लीतून बाहेर येणाऱ्या दुचाकीस्वाराला मुख्य रस्ता दिसणे हे आपल्या वाचनालयाच्या पत्त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. शहरात खड्डा खणण्यापूर्वी चोवीस तास पाणीपुरवठ्याची नळवाहिनी आणि केबल कोठून जाते हे विचारून घ्यावे. खानापूरच्या बाजूचा पाऊस आणि वारा लक्षात घेता जस्तलेपित पाइपच वापरावा, कारण साध्या लोखंडाला जमिनीलगत गंज चढतो आणि खांब तेथूनच मोडतो.

उद्घाटनाच्या दिवशी वाटेवर फ्लेक्सचे बाण लावण्याचा विचार असेल तर तो करू नये. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्स आणि बॅनरवर बंदी आहे. कापडी फलक वापरावेत, तेही परवानगी घेऊन, आणि कार्यक्रम संपला की त्याच संध्याकाळी उतरवावेत.

शहरातल्या पाटीसाठीचा अर्ज महानगरपालिका आयुक्तांच्या नावे कन्नडमध्ये करावा. सोबत जागेचा हाताने काढलेला का होईना पण मापांसह नकाशा, दोन बाजूंनी घेतलेली छायाचित्रे, सर्व भाषांतील मजकुरासह पाटीचे रेखाटन, जागामालकाचे संमतिपत्र, मंडळाच्या नोंदणीची प्रत आणि रस्त्याचे काम निघाल्यास स्वखर्चाने पाटी हलवण्याचे हमीपत्र जोडावे. त्याची एक प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी आणि दोन्हीकडून शिक्क्यानिशी पोच घ्यावी. परवानगी मिळाली की तिचा क्रमांक आणि मुदत पाटीच्या मागच्या बाजूला रंगवून घ्यावी, मंडळाच्या सचिवपदाचा संपर्क क्रमांकही तेथेच लिहावा. पाटी हलवायला आलेल्या कामगारांच्या मुकादमाला तो क्रमांक दिसला तर तो निदान एक फोन करतो. मुदत संपण्याची तारीख मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी आणि नूतनीकरणाचा अर्ज तिच्या दोन महिने आधी द्यावा.